उपचार बरेच झाले, ओसीडीचा उपचार राहिला

प्रश्न : मी ३६ वर्षांची आहे, कराडजवळच्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. चार वर्षांपूर्वी भाजी चिरत असताना माझा मुलगा मागून येऊन बिलगला आणि डोक्यात आलं, ही सुरी याच्या पोटात गेली तर? तेव्हापासून हा विचार जात नाही. नुसता विचार नाही, चित्रच दिसतं. मुलगा आता सात वर्षांचा आहे. घरातल्या सुऱ्या, कात्री, विळी सगळं माळ्यावर टाकलंय. भाजी सासूबाई चिरतात. त्यांना सांगितलंय की माझं मनगट दुखतं. मुलाला अंघोळ घालायला मी एकटी जात नाही. रात्री नवऱ्याला विचारत राहते, ‘मी त्याला काही करणार नाही ना?’ तो बिचारा ‘नाही गं’ म्हणतो, पण शेवटी चिडतो. वाईट विचार आला की रामरक्षा म्हणते, म्हणताना पुन्हा विचार आला की पहिल्यापासून. कधीकधी झोपायला दोन वाजतात.

आधी फॅमिली डॉक्टरांनी टेन्शनची गोळी दिली, ती अजून अधूनमधून घेते. मग एका मानसोपचारतज्ज्ञांनी ‘ओसीडी आहे’ सांगून एसिटालोप्राम १० लिहून दिली. तीन महिने घेतली, फारसा फरक वाटला नाही म्हणून सोडली. नंतर फोनवरून एका काउन्सेलरची सहा सत्रं झाली. मनगटाला रबर बँड लावायचा, विचार आला की ओढून सोडायचा, आणि ‘मी चांगली आई आहे’ असं रोज वहीत लिहायचं. मावससासूबाईंनी देवऋषाकडेही नेऊन आणलं. पैसे गेले, रजा गेल्या. मी खरंच मुलाला काही करेन का? याच्यावर लागू पडणारा उपचार आहे का? असेल तर नोकरी आणि घर सांभाळून तो कसा मिळवायचा? – कराडची एक आई

उत्तर :

ताई,

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देते, आणि एकदाच देते. तुम्ही लिहिलंय ते ओसीडीचं, म्हणजे आपल्याकडे ज्याला मंत्रचळ म्हणतात त्या आजाराचं, आम्हा लोकांच्या अगदी ओळखीचं रूप आहे. या आजारात येणारे विचार माणसाला नकोसे असतात, तो त्यांनी हादरून जातो, आणि म्हणूनच तर सुऱ्या माळ्यावर जातात. ज्यांना खरोखर इजा करायची असते ती माणसं चार-चार वर्षं स्वतःवरच पहारा ठेवत बसत नाहीत.

हे वाचून तुम्हाला हायसं वाटेल. किती वेळ? माझा अंदाज, फार तर रात्रीच्या जेवणापर्यंत. मग मन म्हणेल, ‘पण या बाईंनी मला कुठे पाहिलंय? पत्रात मी सगळं नीट लिहिलं नसेल तर?’ आणि तुम्ही वरचा परिच्छेद पुन्हा काढून वाचाल, मग पुन्हा. तसं करू नका. हे मी फटकळपणाने म्हणत नाही. तुमचा आजार नेमका याच वाटेने पोसला जातो, आणि उपचारही याच वाटेवर आडवा उभा राहून करायचा असतो.

एक सावधगिरी आधी. पत्रावरून निदान पक्कं करता येत नाही. ते प्रत्यक्ष बोलूनच होतं. त्यातही मुलाला इजा करणं योग्य आहे असं कधी वाटू लागलं, तसं करायला सांगणारे आवाज ऐकू आले, किंवा स्वतःचा जीव नकोसा वाटू लागला, तर हे सदर बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी घरच्यांना बरोबर घेऊन डॉक्टरांकडे जा. तुमच्या पत्रात यातलं काही दिसत नाही. पण चार वर्षांच्या जागरणानंतर उदासी येणं अगदी शक्य आहे, म्हणून तपासताना तेही विचारलं जायला हवं.

आता विचारांबद्दल. स्टॅन्ली रॅकमन आणि पद्मल डी सिल्व्हा या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. कुठलाही आजार नसलेल्या लोकांना त्यांनी विचारलं, तुमच्या मनात नकोसे, घाणेरडे, हिंसक विचार येतात का? बहुतेकांनी येतात म्हणून सांगितलं. बाळाला खाली टाकलं तर, गाडीसमोर उडी मारली तर, देवळात शिवी तोंडातून निघाली तर. विचारांचा मजकूर रुग्णांच्या विचारांसारखाच होता. फरक पुढच्या पायरीवर पडत होता. बाकीचे लोक ‘काय भलतंच मनात येतं’ म्हणून कामाला लागतात. ओसीडी असलेला माणूस त्या विचाराची चौकशी लावतो: असा विचार मला आलाच का? याचा अर्थ मी तशी आहे का? आता खात्री कशी करू? ती खात्री मिळवण्यासाठी तो काहीतरी करतो. सुरी लपवतो, नवऱ्याला विचारतो, स्तोत्र म्हणतो, मनातल्या मनात कालचा दिवस उलटसुलट तपासतो. केल्यावर जीव घटकाभर शांत होतो, आणि मेंदू एवढंच शिकतो की संकट खरं होतं, या कृतीमुळे टळलं, पुढच्या वेळीही हीच करायची. ओसीडी म्हणजे वाईट विचारांचा आजार असं सगळ्यांना वाटतं. माझ्या मते तो विचाराला दिलेल्या उत्तरांचा आजार आहे.

या नजरेने तुमच्या चार वर्षांच्या उपचारांकडे पाहा. औषध घेताना माकडाची आठवण काढायची नाही, अशी अट घालणाऱ्या वैद्याची गोष्ट तुम्ही तुमच्या वर्गातही सांगितली असेल. रबर बँडचं तसंच आहे. विचार आला का, हे बघायला मनात एक पहारेकरी बसवावा लागतो आणि तो पहारेकरीच विचाराला हाक मारत राहतो. शिवाय विचार आला म्हणून स्वतःला चटका द्यायचा म्हणजे विचार येणं हा गुन्हा ठरला. ‘मी चांगली आई आहे’ हे वहीत लिहिणं दिसायला निरुपद्रवी, पण ते नवऱ्याच्या ‘नाही गं’चंच लेखी रूप. देवऋषाबद्दल एवढंच म्हणते की त्याने पैसे घेतले आणि तुमच्यात काहीतरी शिरलंय ही भीती वर देऊन पाठवलं. तिथे पुन्हा जाऊ नका. काउन्सेलरचा हेतू वाईट होता असं मी मुळीच म्हणणार नाही. रबर बँडसारखी विचार थांबवण्याची तंत्रं एके काळी पाठ्यपुस्तकांतही होती. पण उपचार बरेच होऊनही ओसीडीचा म्हणून जो उपचार आहे, तो तुम्हाला अजून कुणी दिलेलाच नाही. त्यामुळे ‘माझ्यावर काहीच लागू पडत नाही’ हा निष्कर्ष आज काढणं चूक आहे.

त्या उपचाराचं नाव ईआरपी, म्हणजे एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन. भीती वाटते तिच्यासमोर ठरवून, पायरीपायरीने जायचं, आणि गेल्यावर नेहमीची सुटकेची कृती करायची नाही, असा तो उपचार. १९६६ मध्ये लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलमध्ये व्हिक्टर मायर यांनी दोन रुग्णांवरच्या उपचाराचा वृत्तांत छापला. तोवर हा आजार जवळपास असाध्य मानला जात होता. एका रुग्णाचा धुण्या-पुसण्याचा मंत्रचळ होता, दुसरीच्या मनात देवाविषयी अभद्र विचार येत. धुणाऱ्या बाईंना नको वाटणाऱ्या वस्तू हाताळायला लावल्या आणि धुता येऊ नये म्हणून परिचारिका सोबत राहिल्या, खोलीतलं पाणीही बंद ठेवलं. आज इतकी जबरदस्ती कुणी करत नाही. रुग्णाच्या संमतीने, त्याच्या वेगाने चालतं. पण गाभा तोच आहे. पुढे एडना फोआ आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत १२२ जणांवर केलेली चाचणी २००५ साली प्रसिद्ध झाली. १२ आठवड्यांनंतर ईआरपी घेणाऱ्यांपैकी साधारण दहात सहा जणांना चांगला फरक पडला, क्लोमिप्रामिन या औषधाने दहात चार, आणि नुसत्या साखरेच्या गोळीने दहात एकापेक्षा कमी. दहातल्या दहांना गुण येतो असं नव्हे. पण ‘याच्यावर खरंच काही आहे का’ या तुमच्या प्रश्नाला ‘आहे, आणि बरंच आहे’ हे उत्तर आहे.

तुमच्या बाबतीत हे कसं दिसेल? थेरपिस्ट तुमच्याबरोबर बसून भीतीची उतरंड लिहून काढतील, प्रत्येक गोष्टीला शंभरपैकी गुण देऊन. समजा, माळ्यावरची सुरी खाली काढून ओट्यावर ठेवणं, ३०. घरात कुणी नसताना तिने काकडी चिरणं, ४०. मुलगा पलीकडच्या खोलीत असताना चिरणं, ५५. तो ओट्याशी उभा राहून बडबडत असताना गवार मोडण्याऐवजी दुधी घेऊन सुरीने चिरणं, ७५. पेरू कापून सुरी हातात असतानाच फोड त्याच्या हातात देणं, ९०. एकटीने त्याला अंघोळ घालणंही यातच कुठेतरी बसेल. खालच्या पायरीपासून सुरुवात. छाती धडधडेल, घाम फुटेल, चित्र दिसेल. तिथेच थांबायचं. रामरक्षा नाही, ‘मी असं करणार नाही’ असं मनात घोकणं नाही, नवऱ्याला हाक नाही, आणि चोरून सुरीचं टोक भिंतीकडे वळवून ठेवणंही नाही. ही शेवटची कृती तुम्ही कुणाला सांगितली नसेल, पण अशी एखादी असतेच, आणि तीच काम बिघडवते.

याहून अवघड वाटणारा भाग लिहिण्याचा. ‘कदाचित मी उद्या माझ्या मुलाला इजा करीन, मला शंभर टक्के कधीच कळणार नाही,’ अशा धाटणीची चार-सहा वाक्यं तुमच्याच शब्दांत लिहून, आवाजात नोंदवून रोज ऐकायला सांगतील. वाचूनच अंगावर काटा आला असेल. आईकडून असलं लिहून घेणं अघोरी आहे, असं म्हणत एका बाईंचे वडील माझ्या खोलीतून उठून गेले होते. पण आपल्याला शोधायचं काय आहे? शंभर टक्के खात्री कुणालाच नसते, तुमच्या शेजारणीलाही नाही, मलाही नाही. आम्ही तिच्याशिवाय भाजी चिरतो. तसं चिरायला तुम्ही पुन्हा शिकणार आहात. भीती काही दिवसांत ओसरू लागते. एखाद्या दिवशी नाही ओसरली तरी बिघडत नाही, कारण भीती अंगात असतानाही काम करता येतं हे त्या दिवशी कळलेलं असतं.

साधारणपणे आठवड्याला एक किंवा दोन याप्रमाणे १२ ते २० सत्रं लागतात. पण खरा उपचार सत्रांच्या मधल्या दिवसांत, घरच्या स्वयंपाकघरात होतो. रोजचा गृहपाठ नसेल तर तो ईआरपी नव्हे, असं बेलाशक समजा. आणि हे वाचून उद्याच ९० गुणांच्या पायरीवर एकटीने उडी मारू नका. घाबरून अर्ध्यातून पळ काढलात तर भीती आणखी घट्ट होते. तोवर एक गोष्ट मात्र आजपासून करता येईल: रामरक्षा. ती सोडू नका. दिवेलागणीला एकदा म्हणायची. मधे घाण विचार आला, ओळ चुकली, मन भरकटलं तरी थांबायचं नाही, मागे जायचं नाही, शेवटपर्यंत जाऊन उठायचं. इतर वेळी विचार आला म्हणून म्हणायची नाही. स्तोत्र देवासाठी राहू द्या, विचार धुवायला वापरू नका. पहिले काही दिवस जड जातील.

आता तुमच्या यजमानांसाठी दोन शब्द. हा भाग त्यांना वाचायला द्या. दादा, तुम्ही प्रेमापोटी ‘नाही गं’ म्हणता, पण त्या उत्तराचा असर टिकत नाही, म्हणून तर प्रश्न पुन्हा येतो. उद्यापासून एकदम तोंड मिटायचं, असंही नाही; ती शिक्षा होईल. दोघांनी दिवसा, शांत असताना ठरवा की रात्री हा प्रश्न आला तर काय म्हणायचं. ‘हा प्रश्न ओसीडीचा आहे, याला मी उत्तर देणार नाही. पण मी इथेच बसलोय.’ एवढंच. चिडून म्हणू नका, कंटाळून म्हणू नका. ती पहिल्या रात्री रडेल, भांडेल, तुम्ही निर्दय आहात म्हणेल. तरी बाजूला बसून राहा. सासूबाईंना किती सांगायचं हे तुमचं दोघांचं. मात्र थेरपी सुरू झाली की भाजी चिरण्याचं काम टप्प्याटप्प्याने सूनबाईंकडे परत यायला हवं, त्यामुळे मनगटाच्या दुखण्याची गोष्ट फार दिवस चालणार नाही.

गोळ्यांकडे येते. मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, औषध लिहून देत नाही. मात्रा ठरवणं, बदलणं, बंद करणं हे मानसोपचारतज्ज्ञांचंच काम. पण त्यांना काय विचारायचं, ते तुम्हाला ठाऊक असावं. एसिटालोप्राम, फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, फ्लुव्होक्सामिन ही या आजारात पहिल्यांदा दिली जाणारी औषधं. उदासीपेक्षा ओसीडीला यांची मात्रा सहसा जास्त लागते आणि वेळही जास्त. एसिटालोप्राम १० मिलिग्रॅम ही बहुतेकदा सुरुवात असते. ओसीडीसाठी ते साधारण २० पर्यंत नेतात, काहींना डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्याहून जास्त लागतं. सर्ट्रालिन २०० पर्यंत, फ्लुओक्सेटिन ६० किंवा अधिक. पुरेशा मात्रेवर काही आठवडे जाऊन एकूण १० ते १२ आठवडे झाल्याशिवाय ‘लागू पडलं नाही’ म्हणता येत नाही. म्हणजे तुम्ही तीन महिने गोळी घेतलीत खरी, पण त्या औषधाची परीक्षा पूर्ण झालीच नाही. एका औषधाने गुण आला नाही तर दुसरं देतात. दोन-तीन झाल्यावर क्लोमिप्रामिनचा विचार होतो. ते जुनं आणि गुणाचं आहे, पण तोंड कोरडं पडणं, बद्धकोष्ठ, झापड यांचा त्रास देतं आणि त्यासाठी हृदयाचा ईसीजी बघावा लागतो. गुण आल्यावरही एक-दोन वर्षं औषध चालू ठेवतात आणि मग हळूहळू कमी करतात. पुन्हा दिवस राहावेत असा विचार असेल तर तो पहिल्याच भेटीत सांगा, औषधाची निवड त्यावर अवलंबून असते.

टेन्शनची ती गोळी, नाव तुम्ही लिहिलं नाहीत, पण बहुधा अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम असेल. तिने घटकाभर धडधड थांबते. ओसीडी जात नाही, आणि सवय लागते. ईआरपीच्या आधी ती घेतली तर शिकण्यातही अडथळा येतो. रोज घेत असाल तर स्वतःहून एकदम बंद करू नका, डॉक्टर ती उतरवत आणतात.

औषध की थेरपी, असं लोक विचारतात. सौम्य त्रासाला थेरपी एकटी पुरते. तुमचा त्रास चार वर्षांचा, रात्री दोनपर्यंत जागवणारा. माझं मत दोन्ही मिळून करा. औषधाने धार थोडी बोथट झाली की उतरंड चढणं सोपं जातं. औषधाने अर्धवट फरक पडलेल्या रुग्णांना रिस्पेरिडोन हे आणखी एक औषध जोडावं की ईआरपी, याची तुलना अमेरिकेत झाली. निकाल २०१३ साली आला आणि ईआरपी सरस ठरली. तेव्हा कुणी ईआरपीचं नाव न काढता गोळ्यांवर गोळ्या वाढवत असेल तर अदबीने विचारा.

आता खरा अवघड प्रश्न: हे देणारा माणूस शोधायचा कसा? आपल्याकडे काउन्सेलर अशी पाटी कुणीही लावू शकतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची, नोंदणी लागते. नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर मानसोपचारात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेले डॉक्टर. पण नोंदणी असली म्हणजे ईआरपी येतेच असं नाही. म्हणून वेळ घेण्याआधी फोनवर सरळ विचारा: ‘तुम्ही ओसीडीसाठी ईआरपी करता का? माझ्यासारख्या, इजा करण्याचे विचार येणाऱ्या रुग्णांबरोबर काम केलंय का? सत्रात मला प्रत्यक्ष काय करावं लागेल?’ तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात सगळं कळतं. ‘सुरी हातात धरायला लावू, घरी रोज सराव देऊ, नवऱ्यालाही बोलावू’ असं काही आलं तर जा. ‘मन शांत करायचे व्यायाम, सकारात्मक विचार, संमोहन, बालपणात खोल जाऊ’ असं आलं तर धन्यवाद म्हणून फोन ठेवा. जो माणूस वाय-बॉक्स ही मोजपट्टी वापरतो तो सहसा कामाचा निघतो. दहा प्रश्नांची, शून्य ते ४० गुणांची ही पट्टी. पहिल्या भेटीत आणि नंतर दर काही आठवड्यांनी भरली की ‘थोडं बरं वाटतंय’ याचा आकडा होतो. गुण निदान ३५ टक्के उतरले तर उपचार लागू पडला असं धरतात. गोळी १० मिलिग्रॅमवर तशीच राहणं आणि सत्रं सहावर गुंडाळणं या दोन्ही गोष्टी अशी मोजणी झाली असती तर वेळीच डोळ्यांत भरल्या असत्या.

महाराष्ट्रात एक वेगळी गोष्ट आहे, ती सांगायलाच हवी. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती, म्हणजे आरईबीटी, कि. मो. फडके यांनी आपल्याकडे आणली आणि रुजवली, त्यामुळे इथले पुष्कळ समुपदेशक आरईबीटी शिकलेले भेटतात. ती चांगली पद्धत आहे, आणि ‘असा विचार आला म्हणजे मी वाईटच’ या अपराधीपणावर उपयोगी पडते. पण सुरीच्या विचाराशीच वाद घालायला शिकवलं, ‘पुरावा काय? शक्यता किती?’ असं रोज तपासायला लावलं, तर तुमच्यासारखी हुशार बाई त्याचीही रामरक्षा करून टाकेल. आरईबीटीवाले भेटले तर त्यांना हेच विचारा: बरोबर ईआरपी करणार का? जाणकार माणूस हो म्हणेल.

जागा. तुमच्या कराडलाच मलकापुरात वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, आणि अशा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतोच. मिरज-सांगली आणि कोल्हापूरची शासकीय महाविद्यालयंही एका दिवसात जाऊन येण्यासारखी. साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली तपासणी आणि औषधं मिळतात. निदान आणि गोळ्या यांसाठी तेवढं पुरे. औषध बाहेरून घ्यायचं झालं तर जनऔषधी केंद्रात आधी विचारा. थेरपी मात्र व्हिडिओवरून घ्या, पुण्या-मुंबईच्या किंवा ठाण्याच्या कुणाकडून. याला दुय्यम समजू नका. तुमची भीती ओट्यापाशी आहे. फोन डब्याला टेकवून तिथेच सत्र झालं तर पुण्याच्या दवाखान्यात प्लॅस्टिकची सुरी धरण्यापेक्षा ते कितीतरी चांगलं. दारं लावून घेता येतील अशी वेळ तेवढी शोधा.

एवढं करूनही सहा-आठ महिन्यांत काही हललं नाही, तर बंगळुरूचं निम्हान्स, म्हणजे मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था. तिथे ओसीडीसाठी स्वतंत्र क्लिनिक आहे आणि अवघड रुग्णांना काही आठवडे दाखल करून रोजची थेरपी देण्याची सोय आहे. मिरजेहून राणी चन्नम्मा ही रेल्वेगाडी थेट जाते. मेंदूच्या चुंबकीय उत्तेजनासारखे उपचार त्याही पुढचे. आज त्यांचा विचार नको.

रात्री फार घुसमट झाली तर टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, क्रमांक १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीतही. जवळ कोणते तज्ज्ञ आहेत हेही तिथे विचारता येतं. ‘मी काही करणार नाही ना’ हे विचारायला मात्र तिथे फोन लावायचा नाही. यजमानांची सुटका करून ते काम सरकारकडे सोपवल्यासारखं होईल.

शाळेत कळेल का, हे तुम्ही लिहिलं नाहीत, पण वाटत असणार. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात तुमच्या आजाराची आणि उपचाराची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क तुम्हाला दिलेला आहे. त्याच कायद्याप्रमाणे आरोग्य विम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यावं लागतं. पण दाखल न होता घेतलेले उपचार बहुतेक विमे देत नाहीत, त्यामुळे थेरपीचे पैसे बहुधा खिशातूनच जातील. थेरपिस्टशी फीबद्दल पहिल्या फोनवरच बोला. आठवड्याला परवडत नसेल तर पंधरवड्याला सत्र आणि मधे रोजचा गृहपाठ, असं बरेच जण मान्य करतात.

पहिल्या भेटीला जाताना कागदावर लिहून न्या, कारण तिथे जीभ अडखळते आणि माणूस ‘टेन्शन येतं, झोप लागत नाही’ एवढंच बोलून बाहेर येतो. असं स्पष्ट लिहा: ‘मुलाला सुरीने भोसकीन असे विचार आणि चित्रं येतात. ती मला नको असतात. ती टाळायला मी अमुक-अमुक करते. रोज एवढे तास जातात.’ आतापर्यंत घेतलेल्या प्रत्येक गोळीचं नाव, मात्रा आणि किती दिवस घेतली तेही. खाली तुमचा प्रश्न: ‘मला ईआरपी कोण देईल?’ सरकारी ओपीडी सकाळची असते, शनिवारच्या सकाळच्या शाळेशी तिचा मेळ बसणार नाही. एक किरकोळ रजा टाका, आणि यजमानांना बरोबर न्या.